चालताना गाडीनं उडवलं तर पहिल्या दिवशी काय करायचं? (आईच्या अपघाताचा अनुभव)

सोनचाफा | सोमवार, सकाळी ९.४०

शनिवारी लोकअदालतीत आईच्या दाव्याची तडजोड झाली आणि दीड वर्षाचं ओझं उतरलं. ताजं आहे तोवर लिहून ठेवते. आमचं जे चुकलं ते पहिल्या दोन तासांत चुकलं आणि पुढचे सगळे महिने आम्ही तेच निस्तरत बसलो.

डिसेंबर महिना, सकाळचे साडेसहा, कर्वेनगरमधली आमची रोजची गल्ली. आई (वय ६६) दूध घेऊन परत येत होती. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या, म्हणून रस्त्याच्या कडेनं. एका सोसायटीच्या फाटकातून कार उलटी बाहेर आली आणि आई मागच्या बंपरला लागून आडवी झाली. मी पोचले तेव्हा कुणीतरी आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवलं होतं. दुधाच्या दोन्ही पिशव्या फुटून पांढरा ओघळ पार गटारापर्यंत गेला होता आणि ती त्या दुधाकडेच बघत होती. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला.

गाडी चालवणारा मुलगा पंचविशीतला. पळून गेला नाही. रडवेला झाला होता. स्वतःच्याच गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं, वीस हजार अनामत भरली. हात जोडून म्हणाला, "ताई, सगळा खर्च मी करतो, फक्त पोलीस नको. आत्ताच नोकरी लागलीय." जमलेले लोकही म्हणाले, पोरगं चांगलं आहे, कशाला त्याचं नुकसान करता. मलाही तेच वाटलं. अपघात विभागात केसपेपर काढताना माहिती त्यानंच सांगितली, कारण मी आईचा हात धरून बसले होते. त्या कागदावर काय लिहिलंय ते मी चौथ्या दिवशी वाचलं. "सकाळी चालताना घसरून पडल्या."

तोवर आईच्या पायात प्लेट बसली होती, बिल दोन लाखांच्या वर गेलं होतं, आणि मुलाचा फोन त्याचे काका उचलायला लागले होते. काका शांतपणे म्हणाले, "काकू घसरून पडल्या, आमच्या मुलानं माणुसकी म्हणून दवाखान्यात नेलं. तुमचाच कागद बघा."

पाचव्या दिवशी फिर्याद दिली. पहिलाच प्रश्न आला, इतके दिवस काय करत होता? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं असणार होतं, पण त्यात चारच दिवसांचं राहतं, मग त्यावरच नवं चढतं. आम्ही एका दिवसानं चुकलो. तारलं ते दोन गोष्टींनी. आमच्या दूधवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तो जबाब द्यायला स्वतःहून आला, दोनदा आला. दुसरं म्हणजे त्या मुलानं पहिल्या रात्री मला व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं, "गाडी मागे घेताना काकू दिसल्याच नाहीत, खूप सॉरी."

तर माझी कळकळीची विनंती एवढीच. माणूस कितीही चांगला असो, केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते स्वतः उभं राहून बघा. "कारची धडक", गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण. हे चार शब्द त्या कागदावर पहिल्या तासात आले पाहिजेत.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहावेत. इथे डॉक्टर आणि वकील मंडळी आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

जास्वंद | सोमवार, सकाळी ११.०५

सोनचाफा, आई आता कशा आहेत? चालतात का?

मी बरीच वर्षं अपघात विभागात काम केलंय, त्यामुळे कागदाच्या आधीचं थोडं लिहिते. रस्त्यावर पडलेल्या माणसाला लोक पहिली गोष्ट करतात ती बगलेत हात घालून उभं करणं. प्रेमानंच करतात, पण करू नये. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर आहे तसं राहू द्या, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार द्या, मागून येणारी वाहनं थांबवा आणि १०८ ला फोन करा. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. पाणी किंवा चहा पाजू नका. ऑपरेशन लागलं तर भूल देताना त्रास होतो.

आणि "मला काही झालं नाही" म्हणून उठून घरी जाणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्या क्षणी अंगात इतकी धडधड असते की दुखणं कळतच नाही. पोट दुखायला लागलं, लघवीतून रक्त गेलं, श्वास घेताना बरगडीत कळ आली तर लगेच दाखवा. डोक्याला मार असेल आणि उलट्या, वाढती डोकेदुखी, तेच तेच विचारणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, बोलण्यात जडपणा यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. साठीच्या पुढच्या माणसांत, आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांच्यात, बाहेर टेंगूळ नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. काही वेळा तो दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येतो. आजोबा अचानक विसरायला लागले, चालताना तोल जायला लागला की घरचे वयावर ढकलतात. महिन्यापूर्वी पडले होते हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

केसपेपरबद्दल. अपघात म्हटला की आम्ही एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. तो दवाखान्याचा नियम आहे, पेशंटवर मेहेरबानी नाही. आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात, सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. चुकीची नोंद झाली असेल तर खाडाखोड करून मिळणार नाही, मागूही नका. पण पेशंट शुद्धीवर आल्यावर किंवा नातेवाईक आल्यावर नव्यानं सांगितलेली हकीकत तारीख, वेळ आणि सहीसह खाली जोडता येते. जितक्या लवकर सांगाल तितकी ती खरी वाटते.

साधा_माणूस | सोमवार, दुपारी १.२०

वाचून सुन्न झालो. एक मनापासूनचा प्रश्न आहे. समोरचा खरोखर चांगला असेल, मदत करत असेल, तरी पोलिसात जायचं का? एका चुकीमुळे त्या मुलाच्या नोकरीवर गदा आली तर आपल्यालाच बोचत राहणार.

काळा_डगला | सोमवार, दुपारी ३.५०

साधा_माणूस, हा प्रश्न माझ्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून सविस्तर लिहितो. मोटार अपघात दावे चालवणं हेच माझं काम आहे.

भरपाई त्या मुलाच्या खिशातून जात नाही. प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो विमा नेमका याचसाठी असतो, की गाडीमुळे रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर कंपनीनं द्यायचं. नोंदच नसेल तर कंपनी म्हणणार, अपघात झाला याला पुरावा काय? मग सगळा बोजा चालक-मालकावर येतो, आणि तीन-चार लाखांचा आकडा बघितला की चांगल्या घरातली माणसंही फोन उचलायची बंद होतात. पोलिसांत नोंद करणं हे त्या मुलाच्याही सोयीचंच असतं. हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. गुन्ह्याचं म्हणाल, तर बेदरकार वाहन चालवून दुखापत केल्याची कलमं (भारतीय न्याय संहिता २८१ आणि १२५) जामीनपात्र आहेत. मृत्यू झाला तर कलम आणि शिक्षा वेगळी.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख रुपये आणि मृत्यू झाल्यास पाच लाख मागता येतात. पण हे घेतलं की कलम १६६ चा मोठा दावा लावता येत नाही, म्हणून घाईनं सही करू नका. १६६ मध्ये चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मात्र फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही.

मुदत ही सध्याची सगळ्यात मोठी अडचण आहे. १ एप्रिल २०२२ पासून १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा अशी तरतूद आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका. दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही लावता येतो. पुण्याच्या माणसाला सोलापूर रस्त्यावर अपघात झाला म्हणून सोलापूरला खेपा घालायची गरज नाही.

त्याच तारखेपासून पोलिसांवरही बंधन आलं आहे. प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे (म्हणजे जिथे हे अपघाताचे दावे चालतात तिथे) जायला हवा. ठाण्यात जाऊन "प्रथम अपघात अहवाल पाठवला का?" असं नेमक्या शब्दांत विचारा. नेमका शब्द माहीत असलेल्या माणसाला वेगळं उत्तर मिळतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

सोनचाफा ताई, पाच दिवसांचा उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की घरचे लोक आधी जखमीला बघणार, मग पोलीस ठाण्यात जाणार, हे स्वाभाविक आहे. तुमच्याकडे खरा घात केला तो केसपेपरवरच्या त्या ओळीनं. व्हॉट्सअॅपचा संदेश मूळ फोनमध्येच जपायचा, फोन बदलू नये. न्यायालयात दाखल करताना त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

सोनचाफा | सोमवार, दुपारी ४.३०

जास्वंद, आई काठी घेऊन चालते, जिना एका वेळी एक पायरी. दूध आता मी आणते.

काळा_डगला, एक गोष्ट मला वकिलांकडे जाईपर्यंत माहीतच नव्हती. आईला पगार नाही, म्हणून कमाई बुडाल्याची भरपाई मिळणार नाही असं मी धरून चालले होते. वकिलांनी आईलाच विचारलं, "काकू, दिवसभरात काय काय करता?" तिनं सांगायला सुरुवात केली. पहाटेचं दूध, दोन वेळचा स्वयंपाक, नातवाला शाळेच्या बसवर सोडणं, बाबांची इन्सुलिनची सुई. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, हे सगळं लिहिणार का तुम्ही? लिहिलं त्यांनी. गृहिणीच्या कामाला पैशात मोल धरायचं हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा ठामपणे सांगितलंय म्हणे. सहा महिने स्वयंपाकाच्या आणि सोबतीला राहणाऱ्या मावशींना आम्ही जे पैसे दिले त्याच्या महिन्याच्या महिन्याला सह्या घेऊन ठेवल्या होत्या, ते कागद फार उपयोगी पडले.

काळा_डगला | सोमवार, संध्याकाळी ५.१०

अगदी बरोबर. औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, रिक्षाची भाडी, फिजिओथेरपीच्या पावत्या, नोकरी असेल तर रजेचं पत्र, सगळं एका फायलीत. दवाखान्याचं बिल मेडिक्लेमनं भरलं असेल तरी मूळ दावा कमी होत नाही. मेडिक्लेमचे पैसे या भरपाईतून वजा करायचे नाहीत असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिलं मेडिक्लेमकडे जाणार असतील तर आधी साक्षांकित प्रती काढून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पंचगंगा | सोमवार, रात्री ८.१५

मी दुसऱ्या बाजूनं लिहितोय. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात रंकाळ्याजवळ माझ्या गाडीची एका आजोबांना धडक बसली. चूक माझी होती, वळताना मी फक्त उजवीकडे बघत होतो. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

माझ्या वडिलांनी फोनवर दोनच वाक्यं सांगितली. दवाखान्यात ने, आणि तिथूनच पोलिसांना फोन कर. तसंच केलं. कायद्यानंही चालकाचं तेच कर्तव्य आहे हे मला नंतर कळलं. जखमीला उपचार मिळवून द्यायचे, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीलाही कळवायचं. केसपेपरवर मी स्वतः माझं नाव आणि गाडीचा नंबर लिहायला सांगितला. आजोबांच्या मुलानं आधी माझी कॉलर धरली होती. त्यानंच नंतर मला पाणी आणून दिलं. दंड भरला, विमा कंपनीनं त्यांना भरपाई दिली. आजोबांकडे मी अजूनही गणपतीत जातो.

गाडी चालवणाऱ्यांनीही हा धागा वाचावा.

निफाडकर | सोमवार, रात्री ९.००

गाडी पळून गेली तर काय, याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. माझ्या चुलत्यांना दोन वर्षांपूर्वी पहाटे महामार्गावर उडवून गाडी निघून गेली. मांडीचं हाड मोडलं. नंबर कुणालाच दिसला नाही. गावात सगळे म्हणाले, आता कुणाकडे मागणार? पण अशा प्रकरणांसाठी सरकारची योजना आहे. पूर्वी गंभीर जखमीला साडेबारा हजार आणि मृत्यूला पंचवीस हजार मिळायचे, १ एप्रिल २०२२ पासून ते पन्नास हजार आणि दोन लाख झालेत. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. एफआयआर, दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक जोडायचं. आम्हाला चार खेपा पडल्या, पैसे मिळाले. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये असंही सांगितलंय की महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनीच जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यावी. आम्हाला मात्र कुणी दिली नव्हती, एका शिक्षकांनी सांगितलं.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.३८

कृपया कुणीतरी लगेच उत्तर द्या. वडील (७१) तासाभरापूर्वी नाशिकला गंगापूर रोडवर चालत होते. कारचा आरसा खांद्याला लागून पडले, कार थांबली नाही. शेजाऱ्यांनी जवळच्या दवाखान्यात आणलंय, मी आत्ताच पोचलो. बोलतायत नीट. कोपर सोललंय, कानामागे थोडं खरचटलंय. इथले म्हणतायत ड्रेसिंग करून घरी न्या. बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, गोळ्या चालू आहेत.

जास्वंद | सोमवार, रात्री ९.४१

घरी नेऊ नका. डॉक्टरांना आत्ता जाऊन सांगा, स्टेंटनंतरची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि डोक्याला मार आहे. सीटी स्कॅन मागा. तिथे सोय नसेल तर १०८ बोलवा आणि सोय असलेल्या ठिकाणी हलवा. नीट बोलतायत यावर जाऊ नका. दुखण्यावर ब्रुफेनसारखी गोळी देऊ नका. गोळ्यांची नावं, आजचा डोस किती वाजता घेतला, हे एका कागदावर लिहून हातात ठेवा.

सोनचाफा | सोमवार, रात्री ९.४४

आणि केसपेपर बघा. काय लिहिलंय?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.५२

"रस्त्यावर पडून मार." शेजाऱ्यांनी घाईत तेवढंच सांगितलं असणार. सीटीला नेतायत, दुसऱ्या दवाखान्यात.

सोनचाफा | सोमवार, रात्री ९.५५

दुसऱ्या दवाखान्यात नवीन कागद होईल. तिथे तुम्ही स्वतः बोला. "अज्ञात कारची धडक, गंगापूर रोड, साधारण अमुक वाजता." आणि एमएलसी करायला सांगा. पहिल्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

काळा_डगला | सोमवार, रात्री १०.०२

११२ वर फोन करून घटना नोंदवा, फोनची वेळ हासुद्धा पुरावा असतो. पैशांचं टेन्शन असेल तर दवाखान्यात रस्ते अपघातग्रस्तांच्या कॅशलेस योजनेबद्दल विचारा. मे २०२५ पासून लागू आहे, नोंदणीकृत रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचे उपचार. गाडी अज्ञात असली तरी चालते. आणि घरातल्या एकाला आत्ताच अपघाताच्या जागी पाठवा. कोणत्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे ते बघायला सांगा. चित्रण तुम्हाला दिलं नाही तरी हरकत नाही, ते पुसलं जाऊ देऊ नका एवढी विनंती लेखी द्या. पोलीस ते रीतसर ताब्यात घेतील. ज्यांनी उचललं त्या शेजाऱ्यांना सांगा, मदत करणाऱ्याला कुणी त्रास देऊ शकत नाही, कायद्यात तसं संरक्षण आहे. साक्ष द्यायची की नाही तो त्यांचा निर्णय.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २.१०

रात्रभर झोपलो नाही, आत्ता जरा टेकलोय. सीटीत मेंदूच्या कडेला लहानसा रक्तस्राव निघाला. स्टेंटची गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवली आहे. सकाळी सहाला पुन्हा सीटी केला, वाढलेला नाही. ऑपरेशनची गरज सध्या नाही म्हणतात. दोन दिवस आयसीयूत ठेवणार. जास्वंद ताई, काल ड्रेसिंग करून घरी नेलं असतं तर... मला पुढचं लिहवत नाही. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

नवीन केसपेपरवर धडकेची नोंद मी समोर उभं राहून करून घेतली. पोलीस सकाळी येऊन बाबांचा जबाब घेऊन गेले, मी तो सही करायच्या आधी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "रस्ता ओलांडत असताना" असं आलं होतं, बाबा म्हणाले मी ओलांडत नव्हतो, कडेनं चालत होतो. ते बदलून घेतलं. भाऊ रात्रीच जागेवर गेला होता. मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसतेय, नंबरचे शेवटचे तीन आकडे स्पष्ट आहेत. दुकानदारानं हवालदारांसमोर पेनड्राइव्हवर काढून दिलं.

बाबांनी मघाशी डोळे उघडून पहिलं विचारलं, माझी एक चप्पल कुठे गेली? ती भावाला रस्त्याच्या कडेला सापडली होती, पट्टा तुटलेली. पंचनाम्यात घेतली आहे, असं सांगितलं त्यांना.